न तुटणारा गिअर

बायको गेल्याचं कळलं तेव्हा सेटरच्या मशीनमध्ये वितळलेलं नायलॉन होतं, आणि ते तसंच सोडून जाता येत नव्हतं.

फोन मुलीचा होता. "बाबा, आई गेली. जिन्यात शेजारणीशी बोलता बोलता खाली बसली, ती उठलीच नाही. मी दवाखान्यात आहे, एकटीच आहे. लवकर या." सेटर "येतो" म्हणाला. फोन खिशात टाकला, आणि मशीनच्या डोक्यावरच्या पेटीतून नायलॉनचे दाणे खाली येतात ती झडप बंद केली.

साचे मशीनवर चढवायचे, नीट बसवायचे, पहिला माल बरा निघेपर्यंत तिथून हलायचं नाही, हे त्याचं काम. म्हणून कारखान्यात सगळे त्याला सेटर म्हणत. फोरमनला सगळे डिग्री म्हणत, कारण मशीनजवळ आला की तापमान बघायला तो "डिग्री किती?" एवढंच विचारायचा. त्या दिवशी त्याने तेही विचारलं नाही.

"अरे, जा तू. मी बघतो."

"काच आहे आत," सेटर म्हणाला. "तीस टक्के."

"असू दे ना!"

"जळेल."

यात खोटं काही नव्हतं. त्या कारखान्यात साध्या प्लॅस्टिकला कुणी विचारत नसे. तिथल्या नायलॉनमध्ये काचेचे बारीक केस घातलेले असत. नुसतं नायलॉन उन्हाने मऊ पडतं, ओझ्याने वाकतं. त्यात काच गेली की तेच नायलॉन लोखंडाच्या पंक्तीला बसतं. फिरत्या खुर्चीचे पाय, ड्रिल मशीनचं अंग, पाणी ओढणाऱ्या पंपाचा पंखा, गाडीच्या इंजिनाशेजारी तापत राहणारे भाग, सगळं यातून निघायचं. पण हा माल गरम नळीत नुसता उभा राहिला तर करपतो, आतला माल ढकलणारा स्क्रू धरून बसतो, आणि मग हातोडा घेऊन कुणीतरी दिवस घालवतो. म्हणून नियम असा, की मशीन सोडण्याआधी नळी रिकामी करायची. मग पांढरं साधं प्लॅस्टिक घालून धुवायची. आधी काळा लोंदा येतो, मग राखाडी, मग पांढरा. पांढरा आला की मशीन साफ.

सेटरने तसं केलं. काळ्याचं पांढरं झालं, साच्यावर गंज धरू नये म्हणून फवारा मारला, हात धुतले आणि निघाला. त्याच्या आठवणीत तरी असंच होतं.

कारखान्याच्या गाडीने त्याला दवाखान्यात सोडलं. ड्रायव्हर भला माणूस. बाकावर बसलेल्या मुलीला धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "ताई, फोन आल्यावर साहेब मशीन साफ करून लगेच निघाले बघा."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "मशीन साफ करून," ती म्हणाली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

डॉक्टरने आत बोलावलं. सेटरबरोबर मावशी आत गेली. मावशी म्हणजे मुलीची मावशी, सेटरच्या बायकोची थोरली बहीण. डॉक्टर सांगत होता की सगळं एका क्षणात झालं, कुणी काही करू शकलं नसतं. सेटर त्याच्या खुर्चीच्या पायाकडे बघत होता. पाच फाट्यांचा काळा पाया, आणि एका फाट्याच्या मुळाशी पांढुरकी रेघ. साच्यात वितळलेला माल दोन वाटांनी येऊन जिथे भेटतो, तिथे अशी रेघ पडते. वरून सांधा बेमालूम दिसतो. पण आतले काचेचे केस इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे राहतात, सांधा ओलांडत नाहीत. खुर्ची मोडली तर तिथेच मोडते.

"तुम्हाला काही विचारायचं आहे?" डॉक्टरने विचारलं.

"खुर्चीत मागे रेलू नका," सेटर म्हणाला.

मावशीने हे बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं.

*

घरी माणसं येऊ लागली. सेटरने रडावं म्हणून सगळे थांबले होते. मावशी तर पाण्याचा तांब्या जवळ घेऊनच बसायची, म्हणजे तो रडला की लगेच देता येईल.

"रडून घ्या भावोजी. आतल्या आत धरू नये."

"हो," सेटर म्हणायचा.

"मग?"

"बघतो."

मावशी तांब्यातलं पाणी संध्याकाळी कुंडीत ओतायची आणि सकाळी पुन्हा भरायची. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात, पण फुटायची वेळ दगडच ठरवतो, असं ती शेजारणीला म्हणाली. ती हळू बोलली, पण मावशीचं हळू बोलणं शेजारच्या घरात ऐकू जायचं.

त्यात एक भानगड झाली. घरात सगळे खाजवायला लागले. आधी मावशी मान खाजवू लागली, मग मुलगी दंड, मग नात सगळंच. भेटायला आलेल्या माणसांना वाटलं, घरात काही साथ आली की काय. एक गृहस्थ दोन शब्द बोलून चपलांकडे पळाले. सेटरला कारण ठाऊक होतं. त्याच्या कामाच्या कपड्यांत काचेची धूळ असायची. साच्यातून निघालेले तुकडे दळताना ती उडते, शिवणीत जाऊन बसते, आणि एकदा दुसऱ्या कपड्यांना लागली की निघता निघत नाही. बायको त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि ती बादली दुसऱ्या कशाला वापरू द्यायची नाही. मावशीने मात्र मदत म्हणून घरचे सगळे कपडे एकदम धुतले होते.

अशा दिवसांत खाजेबद्दल बोलावं की नाही, हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "माझे कपडे वेगळे धुवायचे असतात."

मुलगी नातीला म्हणाली, "आजोबांना सांग, हे फक्त आजीला माहीत होतं. आम्हाला कुणी कधी काही सांगत नाही."

नात दोन पावलं चालून आजोबांपुढे आली. "आजोबा, हे फक्त आजीला—"

"ऐकलं," सेटर म्हणाला.

"आई, आजोबांनी ऐकलंय."

मुलगी आता नातीच्या तोंडून बोलायची. जेवणार का विचार. चष्मा खिडकीत आहे म्हणावं. सेटरही नातीकडूनच उत्तर पाठवायचा, कारण दुसरा रस्ता उघडा नव्हता. त्याला कळत होतं की हे असंच चालू राहिलं तर मुलगी आपल्या घरी निघून जाईल, आणि मग मध्ये नातही नसेल. जावयाचा फोन दोनदा येऊन गेला होता. नातीचं शाळेचं नाटक झालं की त्या दोघी जाणार होत्या. तोवर काय ते. पण काय ते म्हणजे काय, हे त्याला सुचत नव्हतं. मशीन साफ करणं चूक होतं असं त्याला वाटत नव्हतं. मुलगी चुकली असंही वाटत नव्हतं.

*

नातीच्या नाटकात आग लागायची होती आणि ती विझवायला नात जायची होती. त्यासाठी आजीने तिला बंबवाल्याचा कोट बेतला होता. जाड कापड, मोठे खिसे, पिवळ्या पट्ट्या. उजवी बाही लावून झाली होती. डावी टाचण्यांनी टाचून ठेवलेली होती, आणि ती तशीच शिलाई मशीनवर पडून होती. आजी दोरा आणायला खाली निघाली होती.

नाटक जवळ आलं तेव्हा मुलगी मशीनवर बसली. तिला शिवता यायचं, पण आईसारखं नाही.

या शिलाई मशीनची एक गोष्ट होती, आणि ती घरी आलेल्या प्रत्येक माणसाला ऐकावी लागे. विजेवर चालणारं जुनं मशीन. आत एक पांढरा नायलॉनचा गिअर, वाटीएवढा. त्याचे दाते अधूनमधून तुटायचे. बायको चार घरचे कपडे शिवायची, काम अडायचं. एकदा सेटरने तो तुटका गिअर कारखान्यात नेला, टूलरूममध्ये बसला आणि काचवाल्या नायलॉनच्या ठोकळ्यातून तसाच्या तसा काळा गिअर कापून आणला. स्वतः बसवला. त्यानंतर गिअर तुटला म्हणून बायकोने कधी तक्रार केली नाही.

"आमच्या मशीनचा गिअर," तो पाहुण्यांना सांगायचा, "तुटणारच नाही. आत काच आहे. माणूस जाईल, गिअर राहील."

"अहो, पाहुण्यांना आधी चहा तर घेऊ द्या," बायको आतून म्हणायची. "आणि कोण जाणार आहे ते आत्ताच ठरवू नका."

मुलीने टाचण्या काढत काढत बाही सरकवली. काखेपाशी कापडाच्या चार घड्या एकावर एक येत होत्या. तिथे सुई अडली. मुलीने पाय दाबला. आत काहीतरी कट्ट वाजलं. मोटर गरगरत राहिली आणि सुई जागच्या जागी उभी राहिली.

मुलीने हात मांडीवर ठेवले. ती रडली नाही, पण आता तिला बाहीकडे बघवेना.

"आजोबांना सांग," ती म्हणाली, "आजीचं मशीन मोडलं माझ्या हातून."

सेटर उठून आला. सकाळपासून त्याला करायला काही नव्हतं, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हर शोधताना तो जरा घाईत होता. "तिला सांग, काय मोडलं असेल ते असेल. गिअर नसणार," तो म्हणाला. त्याने खालची झाकणी उघडली.

आत पांढरा गिअर होता. त्याचे तीन दाते सपाट झाले होते.

सेटरने चष्मा पुसला. गिअर पांढराच राहिला. त्याने बोट घालून खालची पांढरी भुकटी चिमटीत घेतली, चोळली. खाज नाही. काच नाही. साधं नायलॉन, दुकानात मिळतं ते.

"माझा गिअर कुठाय?" तो म्हणाला. कुणाला विचारावं ते न कळून तो मशीनलाच विचारत होता.

नात खाली वाकून बघत होती. "कुठला? काळा?"

"तुला काय माहीत?"

"तो माझा भोवरा आहे." ती बटणांचा डबा घेऊन आली. बटणं, हुक, रिकाम्या रिळांच्या तळातून तिने काळा गिअर काढला आणि फरशीवर फिरवला. तो छान फिरला. एकही दाता गेलेला नव्हता. "आजीने दिला, मी छोटी होते तेव्हा. पण आजोबा असताना खेळायचा नाही म्हणाली."

"का?"

"म्हणाली, त्यांना वाटतं तो कामावर आहे."

मावशी दारात तांब्या घेऊन उभी होती. शेवटी त्यातलं पाणी तिने स्वतःच प्यायलं. अशी वेळ तिच्यावर फार येत नसे.

*

सेटरने तुटका गिअर रुमालात बांधला आणि शिलाई मशीनच्या दुकानात गेला. दुकानदार म्हातारा होता. त्याने दाते बघितले आणि चेहरा उजळला.

"अरे वा, शिवणाच्या बाईंचा! या भागात हे मॉडेल आता त्यांच्याकडेच राहिलंय. तुम्हाला पाठवलं त्यांनी?"

"हो," सेटर म्हणाला. मग म्हणाला, "त्या गेल्या."

दुकानदाराने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "तुम्ही त्यांचे—"

"मिस्टर."

"म्हणजे काळ्या गिअरवाले!" असं म्हणून त्याने जीभ चावली. "बसा हो, बसा."

सेटर बसला. दुकानदाराने इकडे तिकडे बघितलं. दुसऱ्या टोकाला एक बाई चेन निवडत होती, तिचं लक्ष नव्हतं. तो पुढे वाकला.

"आता सांगायला हरकत नाही. त्या गिअरने एकदा आतला शाफ्ट, तो फिरता दांडा, वाकवला होता. कुणाची तरी जाड पँट होती, सुई अडली. आता गिअर काही तुटेना. मग बाकीच्यांना वाकावं लागलं. मशीन इथे आलं. मी म्हटलं, बाई, हा गिअर तुटण्यासाठीच केलेला असतो. आधी त्याने तुटायचं आणि शाफ्ट, मोटर, सगळं वाचवायचं. मिस्टरांना सांगा तुमच्या."

"मग?"

"म्हणाल्या, त्यांना हे सगळं माहीत आहे. ते दुसऱ्यांना शिकवतात. पण हा त्यांनी माझ्यासाठी केलाय ना, म्हणून त्यांना दिसत नाही. तुम्ही साधा बसवा आणि घरी काही कळवू नका." दुकानदार हसला. "पुढे दरवेळी यायच्या. इथे उभ्या राहून म्हणायच्या, द्या एक, आमच्या न तुटणाऱ्या गिअरसाठी. मी विचारायचो, मिस्टरांना अजून कळलं नाही? म्हणायच्या, कसं कळेल? पाहुण्यांना त्याचीच गोष्ट सांगत असतात. सांगू दे. छान सांगतात."

सेटर तुटक्या गिअरकडे बघत होता. त्याला हे खरोखरच माहीत होतं. नव्या पोरांना तो पहिल्याच आठवड्यात सांगायचा, की प्रत्येक यंत्रात एक भाग आधी मोडायला ठेवलेला असतो, त्याला मजबूत करायला जाऊ नका. घरच्या मशीनपाशी मात्र त्याला फक्त एवढंच दिसलं होतं, की बायकोचं काम अडतंय.

त्याचा चेहरा वाकडा झाला. तोंडातून असा काही आवाज आला की चेनवाल्या बाईने चेन जागेवर ठेवली आणि हळूच बाहेर गेली. सेटर काउंटरवर कपाळ टेकून रडू लागला. मावशीने पाहिलं असतं तर ती समाधान पावली असती. तांब्यानेही भागलं नसतं.

दुकानदाराला असं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं. "अहो," तो म्हणाला, "अहो, ऐका. दुसऱ्या मॉडेलचा बघू का? थोडा घासला तर बसेल." सेटरने मान हलवली. "मग बॉबिन देऊ? सुया? घ्या ना, सुया घ्या." सेटर रडतच राहिला. शेवटी दुकानदाराने सुयांचं पाकीट त्याच्या खिशात घातलं आणि दुकानाचा दरवाजा निम्मा ओढून घेतला.

पुष्कळ वेळाने सेटरने नाक पुसलं. "तर हा गिअर," तो म्हणाला.

"नाही हो. शेवटचा त्यांनीच नेला."

*

सेटर तिथून थेट कारखान्यात गेला. रजा संपली नव्हती. डिग्रीने त्याला बघून हातातलं काम ठेवलं.

"साधं नायलॉन आहे का कुठे?" सेटरने विचारलं.

"साधं? आपल्याकडे?" मिठाईच्या दुकानात कुणी मीठ मागावं तसं डिग्रीने त्याच्याकडे पाहिलं. पण टूलरूमच्या फळीमागे पांढऱ्या दांड्याचा एक तुकडा निघाला. सेटरने तो मशीनवर बांधला, जुन्या गिअरची मापं घेतली आणि दाते कापायला लागला. काचवालं नायलॉन कापताना कटर बोथट होतं, धूळ उडते, मानेला खाज सुटते. हे लोण्यासारखं कापलं जात होतं. पांढऱ्या लांब दोऱ्या निघून त्याच्या बुटांवर पडत होत्या.

डिग्री बाजूला उभा होता. "मुलगी कशी आहे?"

"आहे."

"बोलते का?"

"नातीकडून."

"म्हणजे?"

"त्या दिवशी मशीन साफ करत बसलो ना. ती तिथे एकटी होती."

डिग्रीने बुटाने पांढऱ्या दोऱ्या बाजूला सारल्या. "साफ करत नव्हतास तू," तो म्हणाला.

सेटरने कटर थांबवलं.

"मशीन केव्हाच साफ झालं होतं. दुधासारखं पांढरं येत होतं. तू दुसरं पोतं फोडलंस. मी सांगितलं, झालं, थांब. तू म्हणालास, अजून काळं आहे. काळं काही नव्हतं रे. पोरं बघत उभी होती, कुणाची हिंमत होईना. शेवटी मी स्विच बंद केला आणि तुला हाताला धरून बेसिनपाशी नेलं."

"हात मी धुतले."

"मी धुतले तुझे."

"फवारा?"

"तोही मीच मारला."

सेटरने आठवून बघितलं. काळ्याचं पांढरं झालं, फवारा, हात, गाडी. मध्ये कुठे पोतं नव्हतं.

"मागे पडलेत अजून सगळे लोंदे," डिग्री म्हणाला. "दळायला घ्यायचे होते. कुणी घेतले नाहीत."

सेटर मागच्या दाराने अंगणात गेला. भिंतीशी भंगाराचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी वेगळे ठेवलेले लोंदे. तळाचे दोन-चार काळे, एक राखाडी. बाकी सगळे पांढरे. वेटोळी घालून गार झालेले, एकावर एक, त्याच्या कमरेपर्यंत. त्याने त्यातला एक उचलला, उलटा करून बघितला. काळं कुठेच नव्हतं. त्याने तो होता तसा परत ठेवला आणि आत जाऊन उरलेले दाते कापले.

*

घरी आल्यावर त्याने पातेल्यात पाणी घेतलं, गॅसवर ठेवलं आणि नवा गिअर त्यात सोडला. मावशी बाजारात गेली होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. पातेल्यात बघून तिने नातीला हाक मारली.

"आजोबांना विचार, काय शिजवतायत."

नात कोट घालून बसली होती. उजवा हात बाहीत, डावा उघडा. "मी नाही विचारणार," ती म्हणाली. "मी निरोप सांगणारी नाहीये. मी बंबवाला आहे."

"बरं, बंबवाल्याने विचार."

"बंबवाले आगीलाच जातात फक्त. आणि एका बाहीचा बंबवाला नसतो. माझा हात भाजेल." असं म्हणून ती बाहेरच्या खोलीत निघून गेली.

पाणी तापू लागलं होतं. मुलगी दारातून पुढे आली.

"काय शिजवताय?" तिने विचारलं.

"गिअर."

"का?"

"कोरडं नायलॉन काचेसारखं तडकतं. पाणी प्यायलं की मग सोसायला लागतं. जरा फुगतं, म्हणून केसभर कमी कापलाय."

"आणि हा तुटेल?"

"तुटेल," सेटर म्हणाला. "वेळ आली की हाच आधी तुटेल."

मुलीने ओट्यावरचा काळा गिअर हातात घेऊन फिरवला. सेटरने तिला दुकानातली गोष्ट सांगितली, शाफ्टची, साध्या गिअरची, आणि आई तिथे उभी राहून काय म्हणायची त्याची. सांगताना त्याने काही वगळलं नाही. आपण काउंटरवर कपाळ टेकलं ते सांगितलं, सुयांचं पाकीटही काढून दाखवलं.

"दुकानात?" मुलगी म्हणाली. "मावशी इथे इतके दिवस तांब्या घेऊन बसलीय, आणि तुम्ही दुकानात रडलात?"

"तिथे आलं."

"तिला कळलं तर दुकानदाराची खैर नाही." ती हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मग काळा गिअर तिने त्याच्यापुढे धरला. "इतकी वर्षं आईने तुम्हाला शेंडी लावली, बाबा."

"हो," सेटर म्हणाला. "बेमालूम."

दोघं पातेल्याकडे बघत उभी राहिली. पांढरा गिअर बुडबुड्यांबरोबर वर यायचा, खाली जायचा. सेटरला वाटलं, आत्ता सांगावं.

"त्या दिवशी मशीन..." तो म्हणाला.

मुलीचा चेहरा लगेच मिटला. "ते आत्ता नको. ते ऐकायला मला बसावं लागेल. आधी तिची बाही होऊ दे." मग ती म्हणाली, "पण सांगा. विसरू नका."

"नाही विसरत."

तिने गॅस थोडा मंद केला आणि आत जाऊन मशीनजवळच्या टाचण्या गोळा करायला लागली.

गिअर अजून पाण्यात आहे. तो निवल्यावर मशीनमध्ये बसवायचा आहे. कोटाची डावी बाही लावायची राहिली आहे, आणि मुलीला त्या पांढऱ्या लोंद्यांबद्दल सांगायचं राहिलं आहे.